तीन महिन्यांची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. तोंडभर बत्तिशीची नव्हे. वरचे पुढचे दोन दात, त्यांच्यामागे टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि दोन बाजूंना तारेचे आकडे, एवढाच माझा संसार. हसलात? हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

ज्याच्या तोंडाचा साचा घेऊन मला घडवलं तो शत्रुघ्न वटार गावचा. वर्षभर केळीची वाडी सांभाळायचा आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे आखूड पितळी बाजा. तो ओठांवर दाबून फुंकायचा असतो आणि त्या ओठांना आतून आधार असतो पुढच्या दातांचा. राजोडीच्या एका लग्नाला जाताना हा पठ्ठ्या चालत्या टेम्पोतच सराव करत बसला. टेम्पो खड्ड्यात आदळला आणि त्याच्याच बाज्याने त्याचे दोन दात मुळासकट पाडले.

विरारच्या दवाखान्यात क्षितिजा डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं. "काका, बाजूचे दात घासून त्यांच्यावर पक्का ब्रिज बसवता येईल. नाहीतर हाडात स्क्रू घालून इम्प्लांट. पण आधी हिरडी भरून यायला हवी. तोवर ही कवळी. तीन महिने फक्त. रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. आणि बाजा वाजवायचा नाही, तो दाब हिला सोसणार नाही."

पहिल्या दिवशी मी त्याच्या तोंडात बसून घरी गेले. त्याची बायको बायजा दारातच थबकली. "अवो, लगनात दिसत होता तसेच दिसता!" ती म्हणाली आणि लाजली. माझं आयुष्यभराचं कौतुक तेवढंच. त्या कौतुकानेच घात केला. बोळकं तोंड बायजाला दिसू नये म्हणून शत्रुघ्नने रात्री मला काढणं सोडून दिलं. पेल्यात पाणी भरून ठेवलेलं असायचं, ते सकाळी तसंच ओतलं जायचं.

डॉक्टरांचं ऐकून घरी बसेल तो शत्रुघ्न कसला? पुढच्याच लग्नात त्याने बाजा ओठांना लावला. मी टाळूवरून सटकले, हवा फसकन निघून गेली आणि त्याचा सूर काही आला नाही. शेजारी पहिला कॉर्नेट वाजवणारा मार्सेल उभा होता, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मार्सेलने आपले सूर अर्ध्यावर सोडले आणि शत्रुघ्नचे वाजवले. मांडवात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

चहाच्या वेळी मार्सेल हळूच म्हणाला, "तू नुसते गाल फुगव. दात बसेपर्यंत मी बघतो."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न," शत्रुघ्न म्हणाला.

मित्रांनो, त्या तीन महिन्यांची तीन वर्षं झाली. दवाखान्यातून मोबाइलवर तारीख यायची. हा कधी म्हणायचा सराई संपू दे, कधी म्हणायचा घड उतरू दे. खरं सांगू? तो स्क्रूला घाबरत होता आणि माझ्यामुळे त्याचं भागत होतं. वरातीत तो गाल फुगवून उभा राहायचा, बोटं बरोबर नाचवायचा, आणि मार्सेल दोघांची फुंक एकट्याने भरायचा. मार्सेलच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. मला ते दिसायचं. पण मी बोलणार कशी?

माझं कामही काही पुण्याचं नव्हतं. माझ्या कडेला अन्न अडकायचं, कुजायचं. हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं, बाजूचे धडधाकट दात हलू लागले. शेवटी दुखणं असह्य झालं, तेव्हा तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दातांचा एक्स-रे काढला आणि तो उजेडाकडे धरून त्याला दाखवला. "ज्या दातांवर ब्रिज बसवायचा, तेच आता जाणार आहेत, काका. हाडही झिजलंय. नवे दात बसतील, पण फार वेळ लागेल. आणि त्यांच्यावर बाजा वाजेल, असं वचन मी देणार नाही."

हे मार्सेलला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला आणि मार्सेल छातीत कळ येऊन गेला.

चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर दफनभूमीत सगळा बँड खड्ड्याभोवती उभा राहिला. मार्सेलची आवडती संथ चाल वाजवायची ठरली होती. तिची सुरुवात दुसऱ्या कॉर्नेटने, म्हणजे शत्रुघ्नने, एकट्याने करायची असते. बँडमास्तर आलोशियसने शत्रुघ्नकडे बघून मान हलवली. शत्रुघ्नने बाजा ओठांवर दाबला. नुसती हवा निघाली. त्याने डोळे मिटून जीव खाऊन पुन्हा फुंकलं, तसा बाजूचा एक दात निखळला, माझा आकडा सुटला आणि मी रक्तासकट मातीत पडले. कोणी हसलं नाही. कोणीतरी हसायला हवं होतं, इतकी ती शांतता वाईट होती.

मार्सेलची बायको फ्लॉसी पुढे आली. तिने मला उचलून पदराने पुसलं.

"वयनी, तीन वरसं मी एक सूर नाय वाजवला," शत्रुघ्न बोळक्या तोंडाने म्हणाला. "समदं मार्सेलच वाजवत होता."

"ठावं हाय मला," फ्लॉसी म्हणाली. "घरी बसून तो तुजेच सूर घोकायचा. दम लागायचा त्याला. मी सांगायची, शत्रुघ्नभावाला बोल, दात बसवून घे म्हनून. तर म्हनायचा, येल तो आपनहून. वाट बगत होता तुजी."

तिने मला त्याच्या हातावर ठेवलं आणि ती मागे फिरली. चाल वाजलीच नाही. माती पडण्याचा आवाज तेवढा झाला.

मित्रांनो, आता मी खिडकीत एका डबीत पडून असते. शत्रुघ्नने कॉर्नेट बँडला परत दिला. तो बोळक्या तोंडानेच जेवतो, आणि बायजा समोर बसून त्याला भात मऊ कालवून देते. तिने आजवर एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. तिच्यापासूनच लपवायला त्याने माझी ही दशा केली आणि स्वतःचीही.

मला वापरा, पण रात्री काढा, घासा, पाण्यात ठेवा. डॉक्टरांनी तीन महिने म्हटलं असेल, तर तीन महिन्यांनी उठा आणि जा. भीती वाटली तरी जा. तुमच्या वाट्याची फुंक तोवर दुसरं कोणीतरी भरत असतं, आणि ते माणूस तुम्हाला कधीच सांगणार नाही की आता माझी छाती दुखतेय.