पत्र्यावरच्या पाण्याचा कडता

बोअरची गाडी शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली तेव्हा नववीचा गणिताचा तास चालू होता. उदगीरजवळच्या या शाळेत होळी झाली की पाणी संपतं. संस्थेचे अध्यक्ष ईश्वरप्पा यांनी नवा बोअर घ्यायचं ठरवलं होतं. पाणाड्यानं जागा दाखवली ती खो-खोच्या मैदानाच्या मधोमध. मुलींचा संघ तालुक्यात पहिला आला होता आणि कर्णधार शिवांगीला खेळायला दुसरं मैदान नव्हतं.

गणिताच्या मंजुश्री मॅडमनी शिवांगीच्या या नववीच्या वर्गाला महिनाभर एकच गणित दिलं होतं: छपरावर पडणारं पाणी किती, आणि जातं कुठं? मुलांनी पत्रे मोजले, संगणकावर तक्ता मांडला. छप्पर सहाशे चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर.

मॅडमनी ईश्वरप्पांना वर्गात बोलावलं. त्यांची धान्याची आडत होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"लवकर बोल पोरी. गाडीवाला थांबत न्हाई."

"आप्पा, चारशे मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार लिटर पडतंय," शिवांगी म्हणाली. "उन्हाळ्यात शाळेला लागतंय एक लाख. पन्हळी लावून शाळेच्या जुन्या कोरड्या विहिरीत सोडू."

"पाऊस चांगल्या सालचा धरलास काय?"

"लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या पावसाळ्याचा."

आप्पांनी मान हलवली. "आन् कडता?"

शिवांगीनं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला; तसा रकानाच नव्हता. माती, ओलावा म्हणून आडतीत मालाचं जे वजन कापतात तो कडता.

"पन्हळीतून सांडंल, विहिरीतून मुरंल. तुझ्या तक्त्यात सगळंच पाणी पोचलं की! असं कुटं असतंय?"

"गेलं मैदान," मागच्या बाकावरून सत्यम पुटपुटला.

शिवांगीचे कान तापले. तिनं तक्त्यात नवा रकाना घातला. "सांगा, किती कापू?"

"शंभराला दहा."

"एवढाच? आमच्या सोयाबीनचा कडता कापताना तर हात सैल सोडता की आप्पा!"

वर्ग हसला. मॅडमनी डोळे वटारले. आप्पाही हसले. "मग निम्मं काप. एवढा कडता माझ्या बापानंबी लावला न्हाई."

तिनं पन्नास टाकले. पडद्यावर आकडा आला: एक लाख वीस हजार.

"पुरतंय," ती म्हणाली.

"साठ टाक."

शहाण्णव हजार. तिनं आकडे खालीवर करून पाहिले. तक्ता बंद करणं सोपं होतं. "साठला न्हाई पुरत, आप्पा. अठ्ठावन्नपर्यंत पुरतंय. त्याच्यापुढं तुटतंय."

आप्पांनी पडद्यावरच्या अठ्ठावन्नवर बोट टेकवलं. "इतकी वर्षं धंदा केला. आपला माल कुटं तुटतो ते आपणहून सांगणारा एक भेटला न्हाई." ते खिडकीशी गेले आणि मैदानावर घुमेल अशा आवाजात ओरडले, "गाडी वळव रे! यंदाचा टँकर मी बघतो, पुढच्या सालापासून पोरींची विहीर!"

मैदानाच्या कडेला गाडीची चाकं वळली. बाकं वाजली, मॅडमनी वाजू दिली.

पुढची होळी झाली तरी विहिरीला पाणी होतं. पडलेला पाऊस आणि पंपानं उपसलेलं पाणी मोजून शिवांगीनं खरा कडता काढला: शंभराला एक्केचाळीस. आप्पांनी तो आडतीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. स्वतःचा मात्र सांगितला नाही.