पिन काढण्याआधी

१९७४ सालच्या त्या शनिवारी पंचफुलाने कारंज्याच्या पोस्टातून नेहमीसारखा ट्रंक कॉल लावला, तेव्हा तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजात तिचे बाबा, इंद्रभान ऑपरेटर, नव्या रामधनला झापत होते. बोर्डात पिन घालून लाइन जोडलेली, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"पिन काहून काढली बे?"

"दोघंबी गप होते, काका. मले वाटलं, झालं."

"अबे, सोयरीक चालू होती! शेलूबाजारचा लखीराम पत्रिका आणाले आत गेला, अन् तू लाइन तोडली. आता व्याही म्हणते, तोंडावर फोन आपटला! गप बसले म्हणजे झालं नसते. दोघाइले इचारा लागते, झालं काय? मंग पिन काढा लागते."

"म्यां तं अजून एकदा काढली, पक्कं कराले."

"एकदा निघाली ना? मंग दुसऱ्यांदा निघाली थे तहसीलदार साहेबाची!"

पंचफुलाला हसू आवरेना.

"बोल व माय," बाबा तिच्याकडे वळले, "आज काय अडलं?"

दर शनिवारी तिला काहीतरी अडायचंच. मागच्या खेपेला लोणच्यात मीठ किती घालायचं, त्याआधी आजीचं माहेर कोणतं. आज छत्रीची काडी मोडली होती.

"कारंज्यातले छत्रीवाले गाव सोडून गेले काय?"

मग छत्रीवरच कॉलची तीन मिनिटं भरली. बाबांनी लेकीलाही नियम सोडला नाही. "झालं काय?"

"झालं."

पिन निघाली.

मंगळवारी बाबा बोर्डापुढे बसल्या बसल्याच गेले.

जलदानविधी आटोपल्यावर ती त्यांचा डबा आणि चष्मा न्यायला एक्सचेंजात गेली. रामधनने त्यांचा हेडफोन पुसून वेगळा ठेवला होता. त्याने हेडफोनची पिन बोर्डाच्या एका रिकाम्या भोकात घातली आणि हेडफोन तिच्या हाती दिला. तिने तो कानाला लावला. आत नुसती खरखर. कातडी पट्ट्याला बाबांच्या खोबरेलाचा वास होता.

बराच वेळ गेला. रामधनचा हात पिनेकडे गेला आणि थांबला.

"ताई, झालं काय?"

ती गप्प. त्याने पिन काढली नाही.

"नाही झालं," ती म्हणाली आणि हेडफोनला जोडलेल्या, तोंडापुढच्या काळ्या भोंग्यात बोलू लागली. "बाबा, मले शनिवारी काहीच अडत नव्हतं. छत्री धडच होती. तुमचा आवाज आयकाले फोन लावत होती मी."