सहाचं बूड

दोन

शनिवारी सकाळी दहाला दिराच्या छपाईच्या दुकानात हजर व्हायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दिरानं ठरवलं होतं. काम सोपं. मशीनमधून प्लास्टिकचे फलक सरसर बाहेर येतात, त्यांच्या कडा कापायच्या. "वहिनी, बसून काम आहे," दीर म्हणाला. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण पंचवीस वर्षं हातानं पाट्या रंगवणाऱ्या वहिनीचं काम याच मशीननं एकेक घास करून गिळलं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

आज बुधवार. शनिवारच्या आत हातानं रंगवायचं काम शोधायचं होतं.

"आई, असं कुणाच्याही दारात जाऊन उभं राहतात का?" लेक म्हणाली. "जाहिरात बघायची, अर्ज टाकायचा, वाट बघायची."

"शनिवार थांबणार आहे का वाट बघत?"

"पण कुठे माणूस हवंय ते तुला कळणार कसं?"

"भिंती बघून."

लेकीनं कपाळाला हात लावला. पण पेंटरबाईची रीत खरोखर तीच होती. मान वर करून रस्त्यानं चालायचं. रंग उडालेलं अक्षर दिसलं की सरळ आत शिरायचं आणि विचारायचं, मालक कोण?

चार

दवाखाना: "पुढच्या वर्षी बघू."

गोदाम: "आमचं सगळं आता स्टिकरवर."

शाळा: हेडबाईंनी चहा पाजला, आपल्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं. काम नाही.

बेकरी: "मालक झोपलेत." सकाळचे अकरा.

लिफ्ट दुरुस्तीवाला: "हातानं? अजून?" जणू तिनं घरी डायनोसॉर पाळलाय.

पुन्हा एक दवाखाना. पुन्हा पुढचं वर्ष.

गुरुवारी दुपारी पाय भरून आले म्हणून ती पुलाच्या कठड्याला टेकली. खाली लांबलचक भिंत होती. भिंतीपलीकडे एक तांबूस डोंगर होता आणि डोंगराला नांगर लटकलेला होता. पाणी कुठेच नाही. जहाज जमिनीवर उभं होतं. त्याच्या नाकावर, वरपासून खाली, पांढऱ्या आकड्यांची एक ओळ उतरत आली होती आणि एका नव्या कोऱ्या पत्र्याशी येऊन एकदम तुटली होती. पत्रा बदलला होता. त्यावरचा आकडा कुणी घातला नव्हता.

ती पूल उतरून फाटकाशी गेली.

"कुणाला भेटायचंय?" वॉचमननं विचारलं.

"जहाजावर आकडे लिहितात त्यांना."

"ते गेल्या महिन्यात रिटायर झाले."

"मग त्यांच्या जागी ज्यांना माणूस सापडत नाहीये, त्यांना."

वॉचमननं तिच्याकडे नीट पाहिलं आणि फोन उचलला.

सहा

फोरमन बुटका, पिवळ्या हेल्मेटमधला, तोंडानं फटकळ. "अनुभव?"

"दुकानं, शाळा, ट्रक, एक स्मशान."

"जहाज?"

"आजवर एकानंही बोलावलं नाही."

तो हसला नाही, पण जिन्याकडे वळला. साठ-सत्तर लोखंडी पायऱ्या उतरून दोघं पाणी उपसलेल्या कोरड्या गोदीच्या तळाशी आली. आयुष्यभर तिनं ज्या ज्या गोष्टीवर अक्षर काढलं, ती तिच्या समोर उभी असायची. इथे जहाजाचं पोट तिच्या डोक्यावर होतं. चौकोनी लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर ते अख्खं धूड टेकलं होतं, आणि कुठे करकर नाही, कुरकुर नाही. कुठूनतरी एक थेंब टपकला तेवढाच आवाज. एवढं मोठं काही एवढं गप्प राहू शकतं, हे तिला माहीत नव्हतं. तिनं नकळत चपला काढल्या.

"चपला घाला, पायात खिळा घुसेल," फोरमन म्हणाला. "ते आकडे बघा. प्रत्येक मीटरच्या मध्ये दोन, चार, सहा, आठ. प्रत्येक आकडा दहा सेंटीमीटर उंच."

"एक, तीन, पाच कुठे गेले?"

"सहाच्या आकड्याचं बूड म्हणजे सहा, डोकं म्हणजे सात. तिथून पुढच्या आठपर्यंत मोकळी जागा. पाणी कुठे टेकलंय ते बघायचं, जहाज किती बुडालंय ते कळतं. परांचीवर चढा. मला दोन मीटरच्या वरचा सहा काढून दाखवा. इंग्रजी आकडा, बरं का."

पत्र्यावर खडूची आडवी रेघ मारलेली होती. हाताखाली काठी धरून तिनं एका दमात सहा काढला. देखणा उतरला. खाली उभा असलेला वेल्डर "वा!" म्हणाला.

फोरमननं वर येऊन पोलादी पट्टी लावली. "दोन मिलिमीटर खाली गेलाय."

"तो मीच नेलाय," ती म्हणाली. "गोल आकड्याचं पोट रेघेखाली जरासं सोडावंच लागतं. रेघेवर बरोब्बर टेकवला तर तो डोळ्याला आखूड दिसतो. माझ्या गुरूनं पहिल्याच दिवशी शिकवलंय."

"डोळ्याला. कुणाच्या?"

"बघणाऱ्याच्या."

"बाई, इथे पाणी बघतं." त्यानं पट्टी पत्र्यावर टकटक वाजवली. "हे जहाज एक सेंटीमीटर बुडवायला साधारण वीस टन माल लागतो. तुमच्या दोन मिलिमीटरच्या पोटात चार टन बसले. एक अख्खी हत्तीण!"

ती आपल्या ब्रशच्या टोकाकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं ती तेवढंच पोट सोडत आली होती, चपलांच्या दुकानांवर, शाळांवर. कुठेच त्याला वजन नव्हतं.

तिनं फडक्यानं सहा पुसला आणि पुन्हा काढला, अगदी रेघेवर. फोरमननं पट्टी लावून मान हलवली. "बरोबर."

"आखूड दिसतोय," ती पुटपुटली. "मान खाली घातल्यासारखा."

"हेच. ज्याला बरोबर आकडा चुकीचा वाटतो, त्याचा हात पुढच्या जहाजावर परत खाली जातो. मी प्रत्येक आकड्यामागे पट्टी घेऊन हिंडू? अशाला मी ठेवत नाही." तो जिन्याकडे निघाला, मग थांबला. "शनिवारी नऊला पाणी सोडतोय. रिकामं जहाज पुढून तुमच्या सहावरच तरंगतं. येऊन बघा. मग मला खरं सांगा, आखूड दिसतोय का. खोटं बोललात तर मला कळेल."

आठ

"भावजी, मला आज उशीर होईल."

"किती, वहिनी?"

"जहाज तरंगेपर्यंत."

फोनमध्ये दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मग दीर म्हणाला, "बरं, जेवून या."

गोदीच्या काठावरून, जहाजाच्या नाकासमोर, ती खाली वाकून उभी होती. पाणी आलं ते गाजावाजा न करता. आधी तळ नुसता काळा झाला. मग ठोकळे गेले. ज्या जागी परवा ती उभी होती, ती जागा गेली. पाणी पत्र्यावर चढू लागलं. खालच्या जुन्या पत्र्यावरचा दोन गिळला, चार गिळला, आणि नव्या पत्र्यावर तिच्या सहाकडे निघालं.

ती आणखी खाली वाकली. आता बुडणार, असं तिला वाटलं.

पाणी सहाच्या बुडाशी येऊन टेकलं.

आणि थांबलं. पण गोदीच्या भिंतीवर तर ते चढतच होतं, एक पायरी, दुसरी पायरी! तिनं भिंतीकडे पाहिलं, सहाकडे पाहिलं, परत भिंतीकडे. पाणी चढतंय आणि सहा कोरडा आहे. मग तिच्या अंगावर सरसरून काटा आला. जहाज वर येत होतं. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही, एक आवाज नाही. तो एवढा डोंगर जमिनीवरून उठला होता आणि तिचा सहा त्याच्याबरोबर वर चालला होता, बुडाखाली पाण्याची ताणलेली, सपाट रेघ घेऊन. तसली रेघ तिनं आयुष्यात मारली नव्हती. कुणालाच मारता आली नसती.

"बोला," फोरमन शेजारी येऊन म्हणाला. "आखूड दिसतोय?"

तिनं डोळे बारीक करून पाहिलं, मान कलती करून पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"दुकानाच्या पाटीवर आखूडच दिसला असता," ती म्हणाली. "इथे पोट सोडलं असतं, तर तो बुडालेला दिसला असता."

फोरमननं हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "सोमवारी दुसरं जहाज आत येतंय. पुढून, मधून, मागून, दोन्ही बाजूंना. सगळेच आकडे उडालेत."

"रेघ कोण मारणार?"

"मी."

"मग पट्टी मला द्या," ती म्हणाली. "तुमची रेघ मी तपासून घेईन."