खंडेनवमीचं तेल

मार्गशीर्षातली सकाळ. दंवभिजली, दुधाळ, निःशब्द. आंबोलीच्या माथ्यावर सूर्य अजून उगवल्यासारखा उगवला नव्हता. धुक्यात नुसता एक सोनेरी डाग पसरत होता, काजूच्या पानांवर, पायऱ्यांवर, ओसरीच्या कडेवर.

ओसरीवर गोणपाट. गोणपाटावर अप्पांची बंदूक. श्यामलनळी, अक्रोडी दस्त्याची, आजोबांच्या काळातली. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढायची, पुढे सारायची, की काडतूस चढायचं. आता ती मूठ अर्ध्यावर अडत होती.

अप्पा कार्तिकात गेले. परवाना त्यांच्या नावाचा. दुपारी बंदूक ठाण्यात जमा करायची होती.

"अशी अडलेली देऊ नको गो," आई म्हणाली होती. "त्यांची वस्तू. धड जाऊ दे."

एवढं बोलून ती चुलीकडे वळली, आणि शलाका गोणपाटावर बसली.

रिकामी आहे ना, हे तिनं दोनदा पाहिलं. अप्पांनीच शिकवलं होतं. मग पुढचं टोपण फिरवलं, नळी उतरवली. गंज? नव्हता. स्प्रिंग? शाबूत. पावसानं लाकूड फुगलं? तेही नाही. तिनं मूठ बोटभर रेटली, आणि तिच्याखालच्या नळकांड्यावर काहीतरी पांढरं दिसलं. चंद्रपांढरं, मेणमऊ, थिजलेलं.

नखानं खरवडून तिनं वास घेतला. खोबरेल. आणि त्यात रुतलेल्या, कुंकवानं लाल झालेल्या, दोन अक्षता.

खंडेनवमी. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंदुकीला तेल, मग हळदकुंकू, मग झेंडू. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी फोनवर सांगितलं होतं, येताना बंदुकीच्या तेलाची बाटली आण, इकडे मिळत नाही. आणते, ती म्हणाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा सांगितलं. आणते, ती पुन्हा म्हणाली होती.

यंदा त्यांनी बाटलीचं नावच काढलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

आणि मग देवघरातली बाटली घेतली असेल. कापऱ्या हातानं जरा जास्तच ओतलं असेल. आश्विनाच्या उबेत ते तेल पाण्यासारखं पातळ असेल, आज्ञाधारक असेल. थंडी नंतर आली. अप्पा थंडीआधी गेले.

धुकं फाटलं. ऊन ओसरीवर चढलं. शलाकानं नळकांडं उन्हात धरलं, नुसतं धरलं. पांढरं पारदर्शक झालं, ओघळलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. एवढंच काम होतं. एका सकाळचं.

अक्षता तिनं पदराच्या टोकाला बांधल्या. अप्पांच्या जुन्या धोतराच्या चिंधीनं सगळं पुसलं. मग पिशवीतून बाटली काढली. या खेपेला ती विसरली नव्हती. सील फोडलं. दोन थेंब.

बंदूक जोडली. मूठ ओढली. सारली.

खर्र, खट्.

चाळीस वर्षं रोज सकाळी हाच आवाज पायरीवर व्हायचा. बागेची राखण करून अप्पा परतायचे, काडतुसं काढायचे, आणि आत चहाचं आधण चढायचं.

आत आईच्या हातातलं भांडं थांबलं.

मग बशीवर कप टेकल्याचा आवाज आला. आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, तो उचलून परत फळीवर ठेवल्याचा.