बाबांच्या नावाने गेलेली पत्रिका

"हलद लागली गो बाय, हलद लागली,
मांडवाचे दारी जशी सांज जागली..."

आईचा हा आवाज कल्पिताने लहानपणी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकलेला. तिची आई शकू धवलारीण होती. कोपर गावापासून दिवा गावापर्यंतच्या आगरी घरांत लग्नाचे धवले तीच गायची. तिने सूर लावल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. शेवटचा आवाज उरला तो कल्पिताच्या बाबांच्या फोनमध्ये, इस्पितळातून तिने पाठवलेला एक निरोप. बाबा तो रोज ऐकायचे, दार लोटून. लेकीला कधीच ऐकवला नाही.

आज तो फोन कल्पिताच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर पडला होता आणि समोर स्टुलावर बाबा बसले होते.

सकाळी बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. नंबर अनोळखी. पण धवलारणीच्या घरात आलेली पत्रिका न बघता ठेवायची कशी? बाबांनी उघडली आणि फोन जे जे विचारेल त्याला हो म्हणत गेले. पत्रिका नव्हतीच ती. दुपार होईतो तीच त्यांच्या नावाने साऱ्या भावकीत पोचली.

दिव्याहून नंदा मावशीचा फोन आला. "काय गो, तुजं लगीन ठरलं न् मावशीला शेवटी कललं? बापानं पत्रिका धाडली ती उघडत पन नाय!"

"मावशी, हात लावू नको. व्हायरस आहे तो."

"म्हंजे नवरा नाय?"

"नवराच समज. एकदा घरात घेतला की घर त्याचं."

मावशी हसली. बाबा हसले नाहीत.

कल्पिताने सिम काढलं, वायफाय तोडलं. "आधी याला एकटं पाडायचं, बाबा. एकटा असला की हा मेल्यासारखाच. आपण दार उघडलं की आपल्याच चुलीवर स्वतःसारखे आणखी रांधतो आणि आपल्याच हातून शेजारी वाटतो."

"अंगात शिरलेला करोना करतो तसंच."

"तसंच. लस म्हणजे काय, चोराचा चेहरा अंगाला आधीच दाखवून ठेवायचा. फोनलाही तसे चेहरे माहीत असतात. हा नवा निघाला."

"मग आता?"

"सगळं पुसायचं. त्याआधी आईचा निरोप बाहेर काढते. आवाजाला काही झालेलं नाही."

बाबांनी फोनवर तळहात ठेवला. "तो नको काढू."

"बाबा, पुसला की परत नाही यायचा."

"पुस."

ज्या आवाजावर यांची सकाळ उगवते तोच पुसायला सांगतात? का, विचारलं तर बाबा म्हणाले, "सांगितलं ना, पुस."

तिने आपल्या फोनवरून नातेवाइकांना कळवायला घेतलं. "बाबांच्या नावाने पत्रिका आली तर उघडू नका." एकाला, दुसऱ्याला, टिटवाळ्याच्या आत्याला. फोन खाली ठेवून ती म्हणाली, "तेव्हा मला असं कुणी सांगितलं असतं तर, बाबा. कल्याणला कामाला जायचे मी. ताप घेऊन घरी आले, आईच्या हातची पेज प्यायले. मीच आणला तो घरात. म्हणून तर कुणाच्या हळदीला जात नाही मी. कुठल्या तोंडाने जाऊ?"

इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बाबांनी फोनवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी फोन त्यांनी तिच्याकडे सरकवला.

"काढ तो निरोप. पन त्याच्या आधी माज्या तोंडून ऐक."

"काय?"

"तुज्या आयला तुज्या आधी ताप व्हता, तिनं तुला दाखवला नाय. मी बोललो, हलदीला जाऊ नको. तर बोलते, धवल्याबिगर पोरीला हलद कशी लागंल? गेली. त्या पोरीच्या सासरचा म्हातारा हलदीला आलेला, तो लगीन झाल्यावर वारला. मग इस्पितळातून तिनं तेच बोलून धाडलं, माज्या पायानं गेला वो तो, पन कुनाला सांगू नका, कल्पिताला पन नको. हलदीतून मरन आलं असं कललं तर नव्या नवरीला लोक पांढऱ्या पायाची बोलतील." ते तिच्याकडे वळले. "तू आनला नाय गो बाय. तुला तो तुज्या आयकडून आला."