महालक्ष्मीला चालत नाही

पुंडलिकनगरात त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणजे गल्लीतल्या बायकांना मरायलाही फुरसत नव्हती. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. डबे घासायचे, फुलोऱ्याचं तळण काढायचं, पुरणाची डाळ निवडायची, पडदे धुवायचे, आणि हे सगळं करणारे हात घरात एकट्या सुरेखाचे. नवरा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत सुपरवायझर, मुलगी तनुजा शाळेत. सासू चतुराबाई सोफ्यावर बसून सूचना देण्याचं काम मात्र मनापासून करायच्या.

सुरेखाचा डावा पाय कालपासून ठणकत होता. पोटरी टरारून फुगली होती. तिनं जुन्या साडीची पट्टी करकचून बांधली आणि पाइप हौदातून काढून पिंपात सोडला.

"काय गं, लंगडायलीस?" चतुराबाईंनी विचारलं.

"उभं राहून सुजला असंल."

"बरं. गोळ्या चालू हायत ना?"

"हायत, आत्याबाई."

चौकशी तिथंच संपली. गोळ्या चालू आहेत एवढं कळलं, की सुनेच्या बाकीच्या शरीराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

गोळ्या कसल्या, हे या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. पाळी पुढं ढकलायच्या. घरात महालक्ष्म्या आल्या की गोळी, नवरात्रात घट बसले की गोळी, सत्यनारायण असो, दिराचं लग्न असो, नणंदेचं डोहाळजेवण असो, गोळी आहेच. डॉक्टरला कुणी विचारत नाही. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न बोलता पाकीट कागदात गुंडाळून देतो आणि बाई ते पदराखाली लपवून घरी आणते. लग्न होऊन आल्यापासून सुरेखानं हेच केलं होतं. वर तिला त्याचा अभिमानही होता. 'माझ्या महालक्ष्म्यांना आजवर विटाळ नाही,' असं ती शेजारणींना सांगायची. यंदा तर नणंदेकडची पूजा, गणपती आणि महालक्ष्म्या एकापाठोपाठ एक आल्या, म्हणून तिनं मध्ये गोळी बंदच केली नाही. देवीला चालत नाही ना, मग शरीरानं थांबायला काय हरकत आहे?

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा या घरचा रिवाज. सुरेखा पहाटेपासून शेगडीपुढं उभी होती. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, आंबील. नैवेद्य झाला तरी तिला पाणी प्यायची आठवण राहिली नाही, कारण सवाष्णी पानावर बसल्या होत्या. शेवटची पंगत उठली आणि ती खरकटी ताटं उचलायला वाकली, तेव्हा तिचा श्वास अडकला. छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. ती तिथंच भिंतीला टेकून खाली घसरली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून पाहिली. एक पाय दुसऱ्यापेक्षा केवढा तरी जाड होता.

"कुठल्या गोळ्या घेता?"

बद्रीनाथला माहीत नव्हतं. बायको वर्षानुवर्षं काय गिळते आहे, हे कळून घ्यायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. सुरेखानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून सांगितलं.

"तुमच्या पायाच्या शिरेत रक्त गोठलंय आणि त्यातला तुकडा फुप्फुसात गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर तुम्ही वाचला नसता. या गोळ्या, ते उपाशीतापाशी उभं राहणं, पाणी न पिणं, सगळंच अंगाशी आलं. आता ही गोळी आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. आणि पाय सुजला तर तो बांधून कामाला लागायचं नसतं. दवाखान्यात यायचं असतं."

शेवटचं वाक्य सुरेखाच्या मनात रुतून बसलं. इतक्या साध्या गोष्टीसाठी आपण मरायला टेकलो होतो!

घरी आल्यावर ती हळूहळू शिकू लागली. घट्ट मोजा घालून सकाळी मैदानावर चालायला जाणं, तहान लागायच्या आत पाणी पिणं, सगळ्यांबरोबर ताटावर बसून गरम भाकरी खाणं. पहिल्यांदा सर्वांबरोबर जेवायला बसली तेव्हा तिला इतकी लाज वाटली, की ती दोनदा वाढायला उठली. 'आज मी दमले' हे तीन शब्द उच्चारायला तर तिला महिनाभर लागला. या वयात तिला स्वतःच्या शरीराची नव्यानं ओळख करून घ्यावी लागत होती. तनुजा चहा करून द्यायची, बद्रीनाथ कुकर लावायचा. घर काही कोसळलं नाही.

पण आजारी बाईचं कौतुक घराला किती दिवस परवडणार? चतुराबाईंनी गावाकडच्या एका देवऋषीला विचारून कारण शोधून काढलं. "विटाळ झाला असंल हिला त्या दिशी, लपवला असंल. म्हणून देवीचा कोप झाला." ज्या गोळीमुळं सून मरायला टेकली, ती गोळी नीट घेतली नाही म्हणूनच हे झालं, असा निकाल लागला. बद्रीनाथ शिकलेला, दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून रडलेला माणूस. त्यानंही मान डोलावली.

वर्ष फिरून महालक्ष्म्या आल्या. मदतीला धाकटी जाऊ शीला अजिंठ्याजवळच्या गावाहून आली. सुरेखानं आधीच सांगून टाकलं होतं, "मला झेपंल तेवढंच करीन. पाळी आली तर आली." चतुराबाई यावर काहीच बोलल्या नाहीत, म्हणून तिला बरं वाटलं. सासू ऐकून घेते आहे, असा तिचा समज झाला.

आणि मग दुपारी तनुजा तिच्याजवळ येऊन सहज म्हणाली, "मम्मी, ती गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

सुरेखानं हातातलं ताट खाली ठेवलं. "कसली गोळी?"

"आजी म्हणली, तुला आता जमत नाय, तर यंदा लक्ष्म्यांचं मी करायचं. माझी तारीख त्यातच येती ना. पप्पांनी आणून दिली."

पप्पांनी! सुरेखा पोरीच्या हातातलं पाकीट घेऊन बैठकीत गेली. बद्रीनाथ मखराला दिव्यांची माळ लावत होता.

"हे तुम्ही आणलं?"

"अगं, आईनं सांगितलं. एकदा घेतल्यानं काय होतंय? समद्याच बाया घेतात."

"माझ्या छातीवर यंत्रं लावली होती तवा तुम्ही काचंतून बघत होता. तवा काय बघितलं मग?"

"आवाज कमी कर, लक्ष्म्या बसायच्यात इथं," चतुराबाई म्हणाल्या.

"बसू द्या. पोरीची पाळी आली तरी ती इथंच बसंल. तिनं गोळी घ्यायची नाय, मी बी घेणार नाय. देवी बाईच हाय ना, आत्याबाई? तिला काय चालत नाय ते तिनं मला सांगावं."

चतुराबाईंनी महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे पुन्हा लाल फडक्यात बांधले. "बाटलेल्या घरात माझ्या लक्ष्म्या बसणार नायत. बद्री, गाडी काढ. गावाकडं शीला करील समदं."

बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

शीला पिशवी घेऊन निघाली, पण दारात थांबली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, ते पाकीट फेकू नका. मला द्या. माझी बी तारीख त्याच दिसात हाय."

"शीला, मी मरता मरता वाचले गं!"

"व्हय ताई. पर तुम्ही वाचलात ना."

शीला तिला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. रक्ताची गाठ, फुप्फुस, ऑक्सिजन हे सगळं नशिबावर सोडता येतं, सासूचं तोंड मात्र रोज बघावं लागतं. सुरेखानं पाकिटातली गोळी न् गोळी काढून मोरीत टाकली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि तनुजाला म्हणाली, "चप्पल घाल. आपल्याला बी जायचंय."

तनुजाला घेऊन ती गाडीत शीलाशेजारी जाऊन बसली, तेव्हा चतुराबाईंनी मुखवटे छातीशी धरून अंग चोरलं.

"तू कशाला यायलीस?" बद्रीनाथ म्हणाला.

"मी देवीपुढं येणार नाय. नुसती शीलाजवळ बसणार. आणि रस्त्यात मेडिकलवर गाडी थांबली, तर कशाला थांबली ते उतरून समद्यांदेखत सांगणार. अन् फुलंब्रीला थांबवा. मला लई वेळ बसायचं नाय, पाय मोकळे करायचेत."

फुलंब्रीला बद्रीनाथनं गाडी थांबवली. सुरेखा उतरली, तिच्यामागून शीलाही उतरली. दोघी रस्त्याच्या कडेनं थोडं पुढं चालत गेल्या.

"ताई," शीला मान खाली घालून म्हणाली, "मी तर कालपासूनच घ्यायलेय. पुरायच्या नाहीत म्हणून तुमच्याकडं मागितल्या."

सुरेखा तिला रागावली नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची पर्वा न करता ती तिथंच धुळीत खाली बसली, शीलाच्या साडीचा काठ वर केला आणि दोन्ही पोटऱ्यांवरून हात फिरवून पाहिला. अजून तरी दोन्ही पाय सारखे होते.