वहिनींच्या हातची चव

वर्कशॉपमध्ये सकाळच्या सुट्टीची घंटा झाली, की पहिला डबा उघडायचा तो टर्नरचा. लेथ मशीनवर लोखंडाला आकार देणारा हा माणूस तसा अबोल, पण त्याच्या डब्याला मात्र भलताच मान! झाकण निघायचा अवकाश, चारी बाजूंनी हात पुढे यायचे. आत असायचं बटाटा-कांद्याचं जाडजूड ऑम्लेट, वर मिरपूड आणि कडेला लिंबाची फोड. लेकाचे घरून आपापले डबे आणायचे आणि ताव मारायचे तो ह्याच्या डब्यावर!

"काय चव आहे हो वहिनींच्या हाताला!" फोरमनकाका बोटं चाटत म्हणायचे.

"हो ना," टर्नर खाली मान घालून म्हणायचा.

आता खरं काय ते ऐका. वहिनींचा हात त्या पॅनला कधी लागलाच नव्हता! वहिनी हॉस्पिटलात नर्स. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांची ड्यूटी भल्या पहाटेची, तेव्हा न्याहारीचं काम आलं टर्नरच्या गळ्यात. आधी नाइलाज म्हणून केलं, मग त्याला गोडीच लागली. बटाट्याच्या चकत्या अगदी पातळ कापायच्या, कांद्याबरोबर मंद आचेवर मऊ होऊ द्यायच्या, फेटलेल्या अंड्यात मुरवून पुन्हा पॅनमध्ये ओतायच्या. आणि मग तो क्षण यायचा. पॅनवर ताटली झाकायची, श्वास रोखायचा आणि एका झटक्यात पॅन पालथा! ऑम्लेट अख्खं उतरलं की स्वारी गाणं गुणगुणायला लागे. सिस्टर गरमागरम खात, "झकास!" म्हणत आणि पिशवी उचलून निघत.

पण हे वर्कशॉपमध्ये सांगायचं? छे! शेजारचा कुणी बायकोच्या साड्या वाळत घालताना दिसला, तर त्याला ताटाखालचं मांजर म्हणून आठवडाभर खिदळणारी ती मंडळी. फोरमनकाकांनी पहिल्या दिवशी "वहिनी सुगरण दिसतात" म्हटलं, टर्नर "हो" म्हणून गेला, आणि त्या एका "हो"वर त्याने वर्षं काढली. त्याला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं, मंडळी. चांगलंच बिघडत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी टर्नरच्या दारात वेल्डरची बायको येऊन उभी राहिली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेली पोरगी. हातात जेवणाचा डबा, आणि डब्याला एका बाजूला हा एवढा पोचा.

"ताई, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका," ती सिस्टरना म्हणाली. "तुमचं ते ऑम्लेट मला शिकवा."

"माझं ऑम्लेट?"

"घरी रोज तुमचंच नाव चालतं. हे म्हणतात, टर्नरची बायको हॉस्पिटलात राबते, तरी पहाटे उठून नवऱ्याला असं खायला देते, आणि तुला घरात बसून जमत नाही? मी करायला गेले की बटाटा कच्चा राहतो, नाहीतर करपतो. काल यांनी डबा भिंतीवर फेकला. माझ्या कानाजवळून गेला, ताई. म्हणाले, जमत नसेल तर माहेरी जाऊन शिकून ये." तिने पदर तोंडाला लावला. "तुम्ही एवढं सगळं कसं हो करता? मीच मेली कामचुकार आहे का?"

टर्नर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात कांदा. त्याने बायकोला डोळ्यांनी खुणावलं, हातही जोडून पाहिले. सांगू नकोस, अगं, सांगू नकोस!

सिस्टरनी ते पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि त्या पोरीला जवळ बसवलं.

"हे बघ बाई, मला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही. ते ऑम्लेट हे करतात. रोज हेच करतात. मी फक्त खाते."

पोरगी बघतच राहिली. आधी सिस्टरकडे, मग दारातल्या टर्नरकडे, मग त्याच्या हातातल्या कांद्याकडे. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू कोसळलं.

"म्हणजे मी वर्षभर जिच्या नावानं बोलणी खाल्ली, ती बाई नाहीच?"

टर्नरला कुठे तोंड लपवावं ते कळेना. ती गेल्यावर सिस्टरनी दार लावलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती त्यांच्या.

"माझ्या नावाचा दगड करून त्या पोरीच्या डोक्यात घातलात तुम्ही!"

"अगं, मी कुठे काही बोललो? तेच म्हणाले, मी फक्त..."

"तुम्ही गप्प बसलात! उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं."

"ती सांगेलच की आता तिच्या नवऱ्याला."

"तिचं तो ऐकेल? ऐकणारा असता तर डबा फेकला असता का? तुम्हीच सांगायचं."

"नावं ठेवतील गं मला. जन्मभर चिडवतील."

"तुम्हाला नावं ठेवतील," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तिला तर डबा फेकून मारलाय. आता तुम्हीच ठरवा, जास्त कुणाला लागलं ते. आणि मला एक सांगा, लाज कसली वाटते तुम्हाला? चोरी केलीत? कुणाला लुबाडलंत? चार माणसं बोटं चाटून खातात, असं काहीतरी तुम्ही स्वतःच्या हातांनी करता. तुमच्या जागी मी असते, तर गल्लीभर मिरवलं असतं!"

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना टर्नरच्या पिशवीत डबा नव्हता. पॅन होता, ताटली होती, अंडी, बटाटे, कांदे होते.

घंटा झाली. मंडळी जमली आणि डबा शोधू लागली. टर्नर उठून उभा राहिला.

"ऐका. ते ऑम्लेट आमची ही करत नाही. मी करतो. पहिल्या दिवसापासून मीच करतोय."

असा हशा पिकला की विचारू नका!

"काय, वहिनींशी भांडण झालं वाटतं!" वेल्डर मांडीवर थाप मारत म्हणाला. "रागावून बिचारीचं श्रेय लाटतोय गडी!"

खरं सांगितलं तर तेही कुणाला पटेना! टर्नरच्या कपाळाची शीर तटतटली. चहा करायच्या शेगडीवर त्याने पॅन ठेवला आणि बटाटे चिरायला घेतले. चकत्या भराभर पडू लागल्या, तसा हशा कमी होत गेला. कांदा मऊ झाला, वास सुटला. हा वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. आता कुणीच हसत नव्हतं.

पॅन पालथा करताना मात्र टर्नरचा झटका चुकला. अर्धं ऑम्लेट ताटलीत, अर्धं शेगडीवर! पुन्हा एकदा हास्याचा स्फोट.

"हसा!" टर्नर गरजला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मशीनच्या वर गेला. "पोटभर हसा आणि मग खा! आणि चव तीच असेल, तर आज माझं नाव घेऊन खा!"

फोरमनकाकांनी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "तीच आहे," ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा उचलला.

वेल्डर मात्र लालबुंद झाला होता. "म्हणजे तू आम्हाला बनवलंस! तुझ्या ह्या खोट्यापायी मी माझ्या बायकोला..." तो मधेच थांबला.

"बनवलं. चूक झाली, आणि तुझ्या बायकोची माफी मी घरी येऊन मागेन," टर्नर म्हणाला. "पण डबा माझ्या खोट्याने नाही फेकला. तो तुझ्या हाताने फेकला. माझी बायको खरंच सुगरण असती, तर फेकलेला चालला असता का?"

वेल्डर तसाच उपाशी उठला आणि कामाला लागला.

चिडवायचे ते सोडतात थोडेच! दुसऱ्या दिवशी कुणीतरी लेथवर खडूने 'आचारी' असं लिहून ठेवलं. सगळे टपून बसले, आता टर्नर चिडणार! टर्नरने मशीन पुसलं. तेल पुसलं, धूळ पुसली, त्या अक्षरांना फडकं लावलं नाही. उलट पुसट झालेला 'आ' त्याने खडू घेऊन ठळक केला. "बोला, आचारी हजर आहे!" तो म्हणाला, आणि चिडवण्यातली सगळी मजाच गेली.

काही दिवसांनी वेल्डर खाली मान घालून आला. हातात तोच पोचा पडलेला डबा. आत काळपट, खाली करपलेलं, वर कच्चं असं काहीतरी.

"मी केलंय," तो पुटपुटला. "तिने हात लावला नाही. नुसती बसून बघत होती. म्हणाली, आता कळलं का?"

"मग? काय म्हणालास?" फोरमनकाकांनी विचारलं.

"कळलं म्हणालो. आणि चुकलो म्हणालो." त्याने डबा पुढे सरकवला. "पहिला घास तिला दिला. तिनेही तोंड वाकडं केलं, पण माझ्यासारखा डबा नाही फेकला."

चव? अहो, भयंकर होती! तरी सगळ्यांनी खाल्लं. टर्नरने तर डब्याचा तळ पुसून खाल्ला, आणि मग वेल्डरला बाजूला घेऊन आच किती ठेवायची ते समजावलं.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या डब्याची कुणी वाहवा केली, तर ज्याने रांधलं त्याचंच नाव घ्या, मग ती बाई असो की बाप्या. न केलेल्या कामाची वाहवा एका बाईच्या गळ्यात घातली, की तिच्याच मापाने दुसरीला मोजलं जातं. आणि पुरुषांनो, भूक तुम्हालाही लागते ना? मग शेगडी पेटवायला लाजता कशाला? हसणारे हसतील. त्यांनाही एक घास द्या, आणि कुणी केलं ते ठणकावून सांगा!